जठराची खिडकी

अजीर्ण हा विकार मनुष्याच्या अन्नाइतकाच जुना असावा. चिंता, शोक, भय आणि क्रोध यांनी मन व्यापले असता बेताने खाल्लेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असे चरकसंहितेने सांगून ठेवले आहे. तथापि त्या वेळी जठरात काय घडते, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा योग एकोणिसाव्या शतकात आला. आणि तोही एका गरीब कामकऱ्याच्या दुर्दैवातून.

दिनांक ६ जून १८२२ रोजी ह्युरॉन सरोवरातील मॅकिनॉ बेटावर, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात चुकून बंदूक उडाली. अलेक्सी सेंट मार्टिन हा फ्रेंच-कॅनेडियन नावाडी अगदी जवळ उभा होता. त्याच्या बरगड्या मोडल्या, जठर फाटले. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट याने त्याला वाचविले; परंतु जठराला पडलेले छिद्र कधीच बुजले नाही. १८२५ पासून बोमाँटने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून ते त्या छिद्रातून आत सोडण्याचा व काही वेळाने बाहेर काढून पाहण्याचा क्रम आरंभिला.

१८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने, पचन म्हणजे अन्नाचे केवळ दळणे वा कुजणे नसून जठररसाची रासायनिक क्रिया होय, या मताला भक्कम आधार दिला. तापात रस आटे. मद्याच्या अतिरेकानंतर जठराचे अस्तर लाल होऊन त्यावर व्रण दिसत. आणि नवल असे, की त्या वेळीही सेंट मार्टिनची तक्रार फारशी नसे. एकदा तो अतिशय संतापला असता जठरात पित्त उतरलेले आढळले. रागावलेल्या माणसाचे पित्त खवळले, असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला याचे आश्चर्य वाटू नये.

या ज्ञानाचे मोल मात्र एकानेच मोजले. १८३२ च्या करारान्वये अन्न, वस्त्र, निवारा आणि वर्षाला १५० डॉलर एवढ्यावर सेंट मार्टिनने आपला देह प्रयोगांसाठी बांधून दिला होता. पुढे बोमाँटने वारंवार बोलावूनही तो परतला नाही. १८८० मध्ये तो वारला, तेव्हा वैद्यांनी शवविच्छेदन करू नये म्हणून कुटुंबीयांनी प्रेत कुजू दिले आणि मगच खोल खड्ड्यात पुरले. त्याच्या उपकाराचे स्मरण देणारा फलक कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्या जागेजवळ बसविला, तो १९६२ मध्ये. तोवर त्याच्या मृत्यूला ८२ वर्षे लोटली होती.