सार्वजनिक धोरण : पदव्युत्तर प्रवेश

सार्वजनिक धोरण ही शासनाच्या निर्णयांचा अभ्यास करणारी पदव्युत्तर विद्याशाखा आहे. शासन कोणता प्रश्न हाती घेते, त्यावर पैसा कसा खर्च करते आणि त्या खर्चाने लोकांच्या जगण्यात काय फरक पडतो, हे तीत तपासले जाते. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा व प्रशासन हे विषय एकत्र शिकवले जातात. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो. ऑक्सफर्डचा एका वर्षाचा आहे. बहुतेक संस्थांत कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्यात राहून मुंबई विद्यापीठाची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्यालाही ही वाट खुली आहे.

या विषयाची सामग्री महाराष्ट्रात भरपूर आहे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेली रोजगार हमी योजना हे त्याचे ठळक उदाहरण. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता.

भारतातील संस्थांची प्रवेशाची रीत एकसारखी नाही. मुंबईच्या आयआयटीतील धोरण अभ्यास केंद्र लेखी परीक्षा व मुलाखत घेते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात हा अभ्यासक्रम २०१४ पासून चालतो आणि तिथे विद्यापीठाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा द्यावी लागते. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली मुंबईत सुरू झाली, पण तिचा सार्वजनिक धोरणाचा एम.ए. हैदराबादच्या आवारात आहे. तिथे २०२४ पासून सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेचे गुण धरतात. गणिताची भीती बाळगून कला शाखेचे विद्यार्थी मागे राहतात. वास्तविक टक्केवारी, सरासरी, तक्ते आणि आलेख नीट वाचता येणे ही पहिली गरज असते. बाकीचे संख्याशास्त्र पहिल्या सत्रात शिकवले जाते.

परदेशी अर्जात गुणपत्रके, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र लागते. अमेरिकेतील मुदती साधारण डिसेंबर-जानेवारीत संपतात आणि वर्ग पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात. तीन वर्षांची भारतीय पदवी काही अमेरिकी विद्यापीठे पुरेशी मानत नाहीत, म्हणून हा नियम आधी पाहावा. गुणपत्रकांचा प्रमाणित उतारा विद्यापीठाकडून घ्यावा लागतो. महाविद्यालय लांज्यात आणि विद्यापीठ मुंबईत असल्याने या कामाला काही आठवडे हाताशी ठेवावेत.

अर्जाचा खरा कस उद्देशपत्रात लागतो. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ अशी वाक्ये हजारो अर्जांत असतात आणि त्यांतून काहीच कळत नाही. लांजा तालुक्यातल्या पाण्याचा प्रश्न घेतला तर फरक दिसतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी जांभ्याच्या कातळात पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. दरवर्षी प्रशासन टंचाई आराखडा करते. त्यात वाडीचे नाव, उपाययोजना आणि अपेक्षित खर्च असतो. अर्जदाराने मागच्या काही वर्षांचे आराखडे मिळवावेत, तीच वाडी पुन्हा पुन्हा यादीत येते का ते पाहावे आणि तिथल्या बायकांना विचारावे की विहीर कोणत्या महिन्यात आटते. २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. मग घरात नळ बसला पण स्रोत मार्चअखेर आटला, तर ते घर योजनेच्या हिशेबात कुठे धरायचे? हा प्रश्न मांडणारे एक पान प्रवेश समितीला अर्जदाराची निरीक्षणशक्ती दाखवते. मजकूर आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत आणला तर विचार घट्ट राहतो. विकतच्या नमुन्यावरून लिहिलेले पत्र मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते.

शिफारसपत्राचे मोल रत्नागिरी जिल्ह्याशी नाते असलेल्या एका विद्यार्थ्याच्या उदाहरणात दिसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांसाठी, ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम.ए. होऊन पुढच्या वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. त्यांचे शिक्षक, अर्थतज्ज्ञ एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली परतावे लागले, १९२० साली ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. सेलिग्मन यांनी विद्यार्थ्याचे काम जवळून पाहिले होते. म्हणून शिफारस मोठ्या पदावरच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्याने निबंध तपासला किंवा कामावर देखरेख केली त्याच्याकडून घ्यावी. ग्रामसेवकाबरोबर केलेल्या सर्वेक्षणाचा तपशील देणारे प्राध्यापकाचे पत्र आमदाराच्या चार ओळींपेक्षा वजनदार ठरते.

पैशाची सोय अर्जाबरोबरच पाहावी लागते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना चेवनिंग शिष्यवृत्ती मिळते; तिला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट असते. हा अनुभव मिळवण्याची एक चांगली जागा म्हणजे २०१५ साली सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप. तीत २१ ते २६ वयाच्या पदवीधरांना शासनाच्या कार्यालयांत वर्षभर काम करता येते. तिच्यासाठी पदवीला किमान ६० टक्के गुण लागतात.