आधी वर्ग, मगच शास्त्र?

‘आधी चार वर्षं वर्गात उभं राहा, मग शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर शिकायचं बघ.’ बडोद्यातल्या मराठी घरांत आणि स्टाफरूममध्ये हा सल्ला इतक्या खात्रीनं दिला जातो, की पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या एखाद्या मुलीला हा विषय आत्ताच शिकावासा वाटला तर तो आगाऊपणा ठरतो. मला हे मत मान्य नाही.

पूर्वपक्ष दुबळा नाही. बी.एड.च्या विद्यार्थ्याचं पाठटाचण पाहा. उद्दिष्ट, आशय, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, मूल्यमापन असे सगळे रकाने नीट भरलेले असतात. पण पाठ सुरू होताच मागच्या बाकावरून ‘सर, हे शिकून काय उपयोग?’ असं कुणी विचारलं की त्या कागदात उत्तर सापडत नाही. ते वर्गातच सुचावं लागतं. एम.एड. हा शिक्षकांचे शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम, त्याला बी.एड.ची अट आहे आणि ती राहायलाच हवी.

पण त्या अटीवरून साऱ्या शिक्षणशास्त्राभोवतीच अनुभवाचं कुंपण घालणं ही अतिव्याप्ती झाली. बडोद्याचंच उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते संस्थानभर लागू केलं. मूल शेतावर राबतं त्या घराला दंड करायचा का? मुलींना सक्ती कितव्या वर्षापर्यंत? या प्रश्नांची उत्तरं फळ्यापुढे उभं राहून मिळणारी नव्हती. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगावी ग्रंथालयं उभारायला घेतली, तीही शिक्षणाचीच बाब होती. याच बडोद्यात १९४९ साली विद्यापीठ झालं, तेव्हा शिक्षणशास्त्राला मानसशास्त्रासोबत विद्याशाखेचा मान मिळाला. तो मान कसबाला नव्हे, ज्ञानशाखेला होता.

दाहोदकडच्या एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडा. आईबाप बांधकामाच्या मजुरीला बडोद्याकडे निघाले की पोराच्या नावापुढे गैरहजेरीची सलग ओळ लागते. होळीला गावी परतले की ती तुटते. मास्तरांना कारण ठाऊक असतं. पण किती मुलं, कोणत्या महिन्यांत, कोणत्या इयत्तेत कायमची गळतात, हे शोधायला संख्याशास्त्र लागतं, अर्थशास्त्र लागतं. ते पदवीच्या शेवटच्या वर्षी जितकं हाताशी असतं, तितकं पाच वर्षांच्या नोकरीनंतर क्वचितच उरतं. सुरुवातीला म्हटलेली ती मुलगी नेमकी तेव्हाच हवी, आणि आपण तिला थांबायला सांगतो!

पदवी आणि पदव्युत्तर यांच्यातली रेषा नियमांनीही पुसट केली आहे. यूजीसीच्या नव्या आराखड्यात चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायची मुभा आहे खरी, पण पदवीशिवाय एम.ए.ला प्रवेश नाही, म्हणून तिचा इथं उपयोग नाही. त्यापेक्षा शिक्षणशास्त्राच्या एम.ए.तले दोन पेपर, शैक्षणिक अर्थकारण आणि संशोधनपद्धती, पदवीच्या शेवटच्या वर्षाला खुले करावेत. त्यांचे क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा व्हावेत आणि पुढे एम.ए.ला धरले जावेत.

‘झेपणार नाही’ हा शेवटचा आक्षेप. प्रश्नपत्रिका तीच ठेवा, उत्तीर्णतेची रेषाही तीच. ज्यांना नाही झेपणार ते नापास होतील. पदवी शाबूत राहील.