घरचा पडदा आणि घरचा अभिप्राय

चित्रपट ही शेकडो माणसांनी एकत्र बसून पाहावयाची कला आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. पडदा विशाल, सभागृह काळोखी आणि शेजारी बसलेला मनुष्य अनोळखी, या तीन गोष्टींवाचून चित्रपट म्हणजे चित्रपटच नव्हे, अशी पुष्कळ रसिकांची श्रद्धा असते. ती सर्वस्वी चुकीची नाही. तथापि चित्रपट पाहणे आणि त्याविषयी मत बनवणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि यांपैकी दुसरी क्रिया आरंभापासून बव्हंशी घरातच होत आली आहे. खेळ सुटल्यावर माणसे उठतात ती अर्धवट मत घेऊन. ते मत पक्के होते जेवणाच्या पानावर, अंथरुणे घालताना, दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर. प्रश्न असतो तो इतकाच की, त्या चर्चेत बोलण्याचा अधिकार कोणाला, आणि बोललेले खरे की खोटे हे ताडून पाहण्याचे साधन कोणते. या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या सव्वाशे वर्षांत कशी बदलत गेली, हे पाहणे उद्बोधक आहे.

ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईकरांनी प्रथम पाहिली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले आणि तेथे पडदानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी स्वतंत्र बैठका राखून ठेवण्यात आल्या. ही सोय स्तुत्य खरी. परंतु स्त्रीने हलती चित्रे पाहावयास जाणे ही काही खास बंदोबस्त केल्यावाचून घडणारी गोष्ट नव्हती, हेही त्या सोयीवरून उघड होते. पुढे दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि ती छोटी फीत निवडक मंडळींस दाखवून भांडवल उभे केले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मेस भोके पाडण्यापासून सर्व कामांत त्यांच्या बरोबरीने राबत होत्या. म्हणजे आपल्याकडील चित्रपटाचा जन्मच मुळी गृहस्थाच्या घरात झाला. मात्र ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, तेव्हा त्यातील तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने वठवली होती. घरातली स्त्री चित्रपट घडवण्यास उपयोगी पडली. पडद्यावर तिला स्थान नव्हते, आणि अभिप्राय देणाऱ्यांत तर तिची गणती कोणी केलीच नाही.

बोलपट आल्यावर प्रेक्षक वाढले, स्त्रियाही मोठ्या संख्येने येऊ लागल्या. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली प्रदर्शित झाला, मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तरी त्या काळचे मत हे स्मरणावर उभे असे. एकदा पाहिलेला चित्रपट थिएटरातून गेला म्हणजे गेला. नंतर वाद झाला तर साक्षीस कोणाला बोलवावयाचे? याच चित्रपटाबाबत घडलेली हकीकत प्रसिद्ध आहे. शांताराम आठवले यांनी त्यासाठी रचलेले एक पद इतके एकजीव झाले की, ते प्रत्यक्ष तुकोबांचेच आहे असे जाणत्यांनीही मानले. ही कवीची थोरवीच होय. पण कानाने ऐकलेले आणि मनाने धरलेले मत किती सहज पुढे चालत जाते, याचेही हे उदाहरण आहे. छापील टीकेची स्थिती अशी की, १९३५ साली बाबूराव पटेल यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले. वाचक दूरदूरच्या गावांहून प्रश्न पाठवीत आणि संपादक त्यांस खोचक उत्तरे देत. रसिकांस बोलण्याची किती भूक होती, हे त्या पत्रांवरून कळते. परंतु इंग्रजी येणे, पत्र लिहिण्याची सवड असणे आणि तिकिटाचे पैसे हाती असणे, या तीन पायऱ्या चढल्यावाचून त्या सभेत प्रवेश नव्हता.

दरम्यान पश्चिमेकडे चित्रपट घरात आणण्याचे प्रयत्न केव्हाच सुरू झाले होते. फ्रान्समधील पाथे कंपनीने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या फितीचे घरगुती यंत्र विक्रीस काढले. अमेरिकेत कोडॅकने १९२३ साली सोळा मिलिमीटरची फीत आणली. यात केवळ आकाराचा प्रश्न नव्हता. थिएटरात चालणारी फिल्म नायट्रेटची असे, आणि ती इतकी ज्वालाग्राही की दिवाणखान्यात तिचे यंत्र लावणे म्हणजे घरावर निखारा ठेवणे होते. म्हणून घरगुती फीत सहजी पेट न घेणाऱ्या द्रव्याची करावी लागली. थिएटरची फिल्म आणि घरची फिल्म यांतील हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे. ही यंत्रे महाग असल्यामुळे त्यांचा लाभ श्रीमंतांपुरता राहिला.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत पडदा आला तो दूरदर्शनच्या रूपाने. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले होते. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आठवड्याच्या शेवटी मराठी व हिंदी चित्रपट दाखवण्याचा परिपाठ पडला आणि एका बिऱ्हाडातल्या संचासमोर साऱ्या चाळीने बसण्याची रीत सुरू झाली. येथे एक मोठा पालट झाला, आणि तो कोणी मुद्दाम घडवून आणला नव्हता. जी आजी गुडघ्यांमुळे थिएटरचे जिने चढू शकत नव्हती, जी सून रात्रीचा स्वयंपाक सोडून बाहेर पडू शकत नव्हती, ती आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून चित्रपट पाहू लागली; आणि जो पाहतो तो बोलतोच. तिकिटाची अट गळून पडताच परीक्षकांची संख्या घरटी दुपटीने वाढली.

प्रभातचा 'कुंकू' घ्या. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरून शांताराम यांनी तो १९३७ साली काढला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेले लग्न नीरा ही मुलगी मनाने मान्य करीत नाही. शेवटी पतीस आपला अन्याय उमगतो आणि तो जीवन संपवून तिला मोकळी करतो. शांता आपटे यांच्या नीरेने लाँगफेलोची इंग्रजी कविता पडद्यावर गायिली, याचेही त्या काळी नवल झाले. असा चित्रपट चार दशकांनंतर घरच्या संचावर लागला, तर एकाच खोलीत तीन पिढ्यांच्या तीन स्त्रिया तो पाहणार. थोरलीला नीरेचे धैर्य दिसेल आणि भीतीही वाटेल. मधलीला केशवराव दाते यांनी रंगवलेल्या वृद्धाची कीव येईल. धाकटी विचारील की, मुलीच्या सुटकेसाठी नवऱ्याला मरावेच का लागते, तिला आपल्या पायांनी बाहेर का पडता येऊ नये? हा प्रश्न छापील परीक्षणातही येऊ शकतो. परंतु आजी, आई आणि नात यांनी एकमेकींच्या तोंडावर तो विचारण्यात जो अर्थ आहे, तो छापील शब्दांत नाही. घरातल्या अभिप्रायाचे वैशिष्ट्य हेच की, चित्रपटाविषयी बोलताना माणसे स्वतःविषयी बोलून जातात, आणि ऐकणारा त्यांना ओळखणारा असतो.

दुसरा पालट घडवला तो व्हिडिओ कॅसेटने. जपानमध्ये सोनीची बीटामॅक्स १९७५ साली आणि जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ साली निघाली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत संच आले, पाठोपाठ कॅसेटची यंत्रे आली, गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ऱ्या उघडल्या. यंत्र एका रात्रीच्या भाड्याने आणावे आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट संपवावेत, असा तो जमाना होता. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट इतका झाला की, १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सवडीने पाहण्यासाठी घरात चित्रफीत उतरवून घेणे हा स्वामित्वभंग नव्हे, असा निर्णय एका मताच्या अधिक्याने दिला. या सर्व व्यवहारात रसिकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच होती: फीत मागे फिरवता येऊ लागली. नायक तसे म्हणाला की नव्हता म्हणाला, यावर पैज लागली तर निकाल तत्काळ मिळू लागला. कादंबरीच्या वाचकाला पान मागे उलटण्याचा जो अधिकार पूर्वीपासून होता, तो चित्रपटाच्या प्रेक्षकाला या यंत्राने दिला. अभिप्रायाला पुरावा मिळाला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळण्याजोगा नाही. घरी दाराची घंटा वाजते, दूध उतू जाते, पाहणाऱ्याचे चित्त एकाग्र होत नाही. अशा अर्ध्या लक्षाने बनलेल्या मतास किंमत ती काय? म्हणूनच १९४७ साली सत्यजित राय व चिदानंद दासगुप्त प्रभृतींनी कलकत्त्यास फिल्म सोसायटी स्थापिली, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ निघाले, आणि पुण्यात सतीश बहादूर व पी. के. नायर यांनी रसास्वादाचे वर्ग चालवून एक पिढी शहाणी केली. या शिस्तीचे ऋण मोठे आहे. परंतु शिस्त आणि घर यांत विरोध कल्पिण्याचे कारण नाही. सोसायटीने कसे पाहावे ते शिकवले. घराने कितीदा पाहावे याची मुभा दिली. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट २०२० साली व्हेनिसच्या स्पर्धेत होता आणि तेथे त्यास पटकथेचे पारितोषिक मिळाले; आपल्या प्रेक्षकांपुढे तो आला एप्रिल २०२१ मध्ये, नेटफ्लिक्सवरून, थेट घरात. खयालगायकीच्या वाटेवर थकत जाणाऱ्या शिष्याची ती कथा कोणास फार संथ वाटली असेल, कोणी तिच्यातला गाण्याचा एखादा प्रसंग पुन्हा पुन्हा ऐकला असेल. 'संत तुकाराम'ला व्हेनिसचा मान मिळाला आणि तो थिएटरात वर्षभर राहिला. 'द डिसायपल' व्हेनिसहून सरळ आपल्या बैठकीच्या खोलीत उतरला. चौऱ्याऐंशी वर्षांचा प्रवास या एका तुलनेत आला.

परंतु पुन्हा पाहण्याचा हा अधिकार ज्यावर उभा आहे ती वस्तू फार नाजूक आहे. 'आलम आरा' हा १९३१ सालचा पहिला हिंदुस्थानी बोलपट आज कोणाच्याही घरी पाहता येत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच उरला आहे. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी नायट्रेट फिल्मांच्या कोठारास आग लागली आणि आपल्या जुन्या चित्रपटांच्या कित्येक मूळ प्रती तीत गेल्या. घराला जी फीत धोकादायक म्हणून वर्ज्य होती, तीच थिएटरची मूळ प्रत होती. आणि मूळ गेले म्हणजे घरी येणारी प्रत पुढे कशावरून काढावयाची? कॅसेटांना पावसाळी हवेत बुरशी लागली, आणि आता यंत्रावर एका कळीने दिसणारा चित्रपट दुसऱ्या दिवशी कंपनीचा करार संपल्यामुळे दिसेनासा होतो. आज घराघरांत परीक्षक आहेत. त्यांच्या कपाटात मात्र चित्रपट नाही.

म्हणून चित्रपटरसिकांच्या घरगुती चर्चेकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये. घरातल्या ज्या माणसांना पूर्वी या सभेत जागा नव्हती त्यांना ती मिळाली, हा खरा लाभ आहे, आणि तो टिकवावयाचा तर ज्याविषयी बोलावयाचे ते शाबूत राखले पाहिजे. ज्या घरात जुन्या चित्रपटाची तबकडी वा कॅसेट अजून असेल, त्या घराने ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा लावून पाहावी. आणि पाहताना घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीस व सर्वांत लहान मुलास शेजारी बसवून, दोघांचेही मत विचारावे.