वर्ग ‘डी’ची कहाणी : कल्पना आधी, साहित्य नंतर

१/१२
आपल्या मोबाईलच्या स्पीकरमागे बहुधा नखाहूनही लहान असा एक ॲम्प्लिफायर असतो. तो फारसा तापत नाही आणि एकाच बॅटरीवर चालतो. त्यामागील कल्पना मात्र सुमारे सत्तर वर्षांची आहे. ही कल्पना बाजारात आली, फसली, विस्मृतीत गेली आणि पुन्हा परतली. आजचा धागा या प्रवासाविषयी आहे.

२/१२
प्रथम मूळ अडचण पाहू. पारंपरिक ॲम्प्लिफायरमधील ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा असतो. त्याच्यावर व्होल्टेजही असते आणि त्यातून प्रवाहही वाहत असतो. या दोहोंचा गुणाकार म्हणजे उष्णता. जुन्या पंख्यांचा खोकेवजा रेग्युलेटर आठवावा. पंखा मंद केला की तोच तापत असे, कारण वाचलेली वीज त्याच्या अंगातच जळत असे.

३/१२
आकडे बोलके आहेत. ‘ए’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता सिद्धान्ततःही ५० टक्क्यांपलीकडे जात नाही. ‘बी’ वर्गाची मर्यादा ७८.५ टक्के आहे, आणि तीही आवाज पूर्ण क्षमतेने चालू असताना. प्रत्यक्ष संगीत बहुतांश वेळ त्याहून पुष्कळ हळू असते. त्यामुळे व्यवहारातील कार्यक्षमता आणखी घसरते.

४/१२
यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे : नळ अर्धवट उघडूच नये. तो पूर्ण उघडावा किंवा पूर्ण बंद करावा, आणि हे सेकंदाला लाखो वेळा करावे. उघड्या स्विचमधून प्रवाह वाहत नाही आणि जोडलेल्या स्विचवर व्होल्टेज जवळजवळ नसते. म्हणून दोन्ही अवस्थांत उष्णता नगण्य. आवाजाची पातळी ठरते ती स्विच किती काळ जोडलेला राहतो यावरून. कॉइल आणि कपॅसिटर यांची गाळणी ही उघडझाप गाळून टाकते आणि मूळ ध्वनी शिल्लक ठेवते.

५/१२
या कल्पनेचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांना दिले जाते. काळ १९५० चे दशक. हेच रीव्ह्ज १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये काम करीत असताना ध्वनीचे रूपांतर स्पंदांच्या संकेतात करण्याची पद्धत मांडून बसले होते. आजच्या डिजिटल दूरध्वनीचा पाया तोच. त्या काळी ती पद्धतही व्यवहारात आणणे परवडणारे नव्हते. काळाच्या पुढे असणे हा जणू त्यांचा स्वभावच होता.

६/१२
येथे एक गैरसमज दूर करू. ‘डी’ म्हणजे ‘डिजिटल’ नव्हे. ए, बी, सी ही अक्षरे आधीच वापरली गेली होती. पुढचे अक्षर ‘डी’ आले, इतकेच. स्विचच्या अवस्था दोनच असल्या, तरी प्रत्येक स्पंदाची रुंदी कितीही सूक्ष्म प्रमाणात बदलू शकते. म्हणून हे यंत्र मूलतः ॲनालॉगच ठरते.

७/१२
१९६४ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या ब्रिटिश कंपनीने ‘एक्स-१०’ हा संच विक्रीस आणला. सुटे भाग घरी जोडायचे आणि ॲम्प्लिफायर तयार करायचा. जाहिरातीत १० वॅटचा दावा होता. प्रत्यक्षात सुमारे अडीच वॅटच मिळत, असे नोंदले गेले आहे. १९६६ मध्ये ‘एक्स-२०’ आला; तोही बेभरवशाचा ठरला. सिंक्लेअर यांच्या नावावर पुढे अनेक यशे जमा झाली, त्यामुळे हे प्रकरण बहुधा एखाद्या विनोदी तळटीपेपुरतेच उरते.

८/१२
मात्र दोष केवळ जाहिरातीचा होता का? त्या काळचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर संथ होते. स्विच उघडताना आणि मिटताना एक मधला क्षण असतो. त्या क्षणी तो पुन्हा ‘अर्धवट उघडा नळ’ बनतो. ट्रान्झिस्टर संथ असेल तर हा क्षण लांबतो, आणि ज्या उष्णतेपासून सुटका करून घ्यायची तीच परत येते. वरचा स्विच मिटण्याआधी खालचा जोडला गेला, तर वीजपुरवठ्याचे शॉर्टसर्किट होते. सिद्धान्त अचूक होता. तो पेलणारे साहित्य नव्हते.

९/१२
साहित्य आले ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस. शक्तिशाली फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर उपलब्ध झाले आणि १९७८ मध्ये सोनीने त्यांवर आधारलेला ‘टीए-एन८८’ बाजारात आणला. आता स्विच पुरेसे चपळ होते. तरीही अशी यंत्रे महाग आणि दुर्मीळ राहिली. घरोघरी पोहोचण्यासाठी आणखी एक कोडे सुटणे आवश्यक होते : एकाच वीजपुरवठ्याचे.

१०/१२
स्पीकरचा पडदा पुढेही जातो आणि मागेही. म्हणून त्याला धन आणि ऋण असे दोन पुरवठे लागतात. बॅटरी किंवा मोटारीत पुरवठा एकच, समजा १२ व्होल्ट. मग विश्रांतीची पातळी ६ व्होल्टवर ठेवावी लागते आणि तो स्थिर दाब अडवण्यासाठी स्पीकरच्या मार्गात कपॅसिटर घालावा लागतो. ४ ओहमच्या स्पीकरला २० हर्ट्झपर्यंतचा खर्ज द्यायचा, तर सुमारे २००० मायक्रोफॅरडचा! शिवाय शक्ती जास्तीत जास्त साडेचार वॅट.
तोडगा असा : स्पीकरच्या दोन्ही टोकांना स्विचची एकेक जोडी द्यावी. एक टोक वर जाताना दुसरे खाली येते. दोन्ही टोके ६ व्होल्टभोवतीच असल्याने स्थिर दाब आपोआप रद्द होतो. कपॅसिटरची गरजच उरत नाही. स्पीकरला मिळणारे व्होल्टेज दुप्पट होते, म्हणून शक्ती चौपट : त्याच १२ व्होल्टमधून १८ वॅट. किंमत एवढीच, की दोनऐवजी चार स्विच लागतात.

११/१२
एका चिपवर चार स्विच ही १९९० च्या दशकात फारशी मोठी किंमत उरली नव्हती. आद्य त्रिपाठी यांनी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ‘ट्रायपाथ’ ही कंपनी स्थापन केली. तिच्या ‘टीए२०२०’ या चिपमध्ये हीच पूल-रचना होती : एकच पुरवठा, दोन वाहिन्या, प्रत्येकी सुमारे २० वॅट. तिच्या धाकट्या भावंडावर बेतलेला एक स्वस्त प्लॅस्टिकचा ॲम्प्लिफायर आठ पेन्सिल सेलवरही चाले, आणि महागड्या यंत्रांच्या शौकिनांनी त्याच्या आवाजाची वाखाणणी केली. तथापि २००७ मध्ये ट्रायपाथने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. दोनच वर्षांनी ‘स्पेक्ट्रम’ या अभियांत्रिकी नियतकालिकाने जग हलवून सोडणाऱ्या २५ चिप्सच्या यादीत ‘टीए२०२०’चा समावेश केला. गौरव झाला तेव्हा गौरवमूर्तीची कंपनी उरली नव्हती.

१२/१२
इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला ‘प्रथम कोणी?’ हा प्रश्न विचारायची सवय लागली आहे. ही कहाणी वाचताना तो प्रश्न अपुरा वाटू लागला. रीव्ह्ज यांच्याकडे कल्पना होती, सिंक्लेअर यांच्याकडे धाडस होते, सोनीकडे साहित्य होते, ट्रायपाथकडे रचना होती. प्रत्येकाकडे काहीतरी कमी होते. ‘फसलेला शोध’ असा शिक्का मारण्यापूर्वी ‘त्या वेळी नेमके काय उपलब्ध नव्हते?’ हे विचारणे अधिक न्याय्य होय. मात्र या सहानुभूतीने अडीच वॅटचे दहा वॅट होत नाहीत. साहित्याची उणीव काळाच्या माथी मारता येते. जाहिरातीतला आकडा ज्याने छापला त्याच्याच माथी राहतो. इतिहासकाराने हे दोन हिशेब वेगळे ठेवावेत.
(समाप्त)