जिंजरब्रेडमधील ‘ब्रेड’ आणि सुंठवड्यातील ‘वडा’

रामनवमीस माध्यान्ही जन्माचा गजर झाला, पाळण्याची दोरी ओढून झाली, की हिंगोली जिल्ह्यातील देवळांतून, मराठी मुलुखात इतरत्र होते त्याप्रमाणेच, सुंठवडा वाटला जातो. सुंठीची पूड, साखर, किसलेले सुके खोबरे आणि ऐपतीप्रमाणे खसखस, खारीक, वेलदोडे, एवढेच त्यात असते. बाळंतिणीस सुंठ द्यावयाची हा घरोघरचा रिवाज. देवाच्या जन्मप्रसंगीही तोच पाळला जावा यात नवल नाही. नवल आहे ते नावाचे. ‘वडा’ हा शब्द संस्कृत ‘वटक’ यापासून आला असून त्याने गोल, थापलेल्या, बहुधा तळलेल्या पदार्थाचा बोध होतो. सुंठवड्यास ना आकार, ना पीठ, ना कढई. चिमूटभर भुकटी हातावर पडते आणि तिला वडा म्हणतात.

स्कॉटलंडमधील घरांतून भाजल्या जाणाऱ्या ‘जिंजरब्रेड’च्या नावातही अशीच विसंगती आहे. हा पदार्थ म्हणजे काळसर, ओलसर, गोड केक, पाव नव्हे. शब्दाचा इतिहास पाहू गेल्यास मूळ नावात ‘ब्रेड’ नव्हतेच असे आढळते. मध्ययुगीन लॅटिनमध्ये आले घालून सिद्ध केलेल्या औषधी पाकास जे नाव होते, त्याचे प्राचीन फ्रेंचमधील रूप ‘जिंजब्रास’ या धर्तीचे होते. तेराव्या शतकात हा शब्द इंग्लंडात रुळला तेव्हा त्याचा अर्थ गोड पाकात मुरवलेले आले, म्हणजे मराठी घरातील आलेपाकाचा सख्खा भाऊ, एवढाच होता. शब्दाचा शेवटचा अवयव ऐकणारांस अपरिचित होता. त्यांनी तो परिचित ‘ब्रेड’ करून टाकला. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात हे नाव या नव्या रूपातच येते. पंधराव्या शतकातील पाककृतींत मधात पावाचा चुरा आणि मसाले शिजवून वड्या थापलेल्या दिसतात. प्रत्यक्ष पीठ भिजवून भट्टीत भाजणे त्यानंतरचे. आधी नाव बिघडले आणि मग त्या बिघडलेल्या नावास शोभेल असा पदार्थ तयार होत गेला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

लोकव्युत्पत्तीचा हा खेळ शब्दाच्या दुसऱ्या टोकासही झालेला आहे, ही गोष्ट अधिक मनोरंजक होय. ‘जिंजर’चे मूळ लॅटिन ‘झिंगिबेर’ आणि ग्रीक ‘झिंगिबेरिस’ यांतून पाली ‘सिंगिवेर’ व संस्कृत ‘शृंगवेर’ यांपर्यंत पोहोचते. संस्कृतज्ञांनी शृंगासारखे वेर, म्हणजे शिंगासारखे शरीर असलेले, असा त्याचा विग्रह केला, आणि आल्याचा फाटे फुटलेला गड्डा पाहता तो पटण्याजोगाही आहे. परंतु तमिळ व मलयाळम भाषांतील ‘इंजि’ आणि मूळ या अर्थाचा ‘वेर’ हे शब्द समोर ठेवले म्हणजे हा शब्द द्राविडी असून संस्कृतात शिरताना त्यास शिंग फुटले, हे मत ग्राह्य वाटते. दक्षिणेच्या शब्दास उत्तरेने शिंग दिले. पुढे इंग्लंडाने त्याच्या पोटी पाव घातला.

मराठीने मात्र हा जगप्रवासी शब्द ठेवला नाही. तिने ‘आर्द्रक’पासून प्राकृताच्या द्वारा ‘आले’ घेतले आणि ‘शुण्ठी’पासून ‘सुंठ’. मराठवाड्यात ‘आले’ याऐवजी ‘अद्रक’ सर्रास ऐकू येते; तेही आर्द्रकाचेच, पण हिंदी-उर्दूच्या वाटेने आलेले रूप. एकाच शब्दाची दोन अपत्ये गोदावरीच्या खोऱ्यात अशी शेजारी नांदतात.

तथापि शब्द जुळले म्हणून पदार्थही भारतातून गेला, असे अनुमान करणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे होय. (ही म्हण हिंगोलीस विशेष शोभते. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हळद व आले ही एकाच कुळातली.) स्कॉटलंडातील जिंजरब्रेडचा आर्थिक इतिहास वेगळ्याच दिशेस बोट दाखवितो. त्याचा काळा रंग व ओलावा ‘ट्रीकल’चा, म्हणजे साखर काढून उरलेल्या काकवीचा. ट्रीकल हे नावही मूळचे विषावरील उताऱ्याचे; ग्रीक ‘थेरिआके’. ग्लासगो व ग्रीनॉक ही बंदरे अठराव्या शतकात वेस्ट इंडीजच्या व्यापारावर पोसली गेली. ग्रीनॉकला साखर शुद्ध करण्याचा पहिला कारखाना १७६५ साली निघाला. ऊस जमैकाचा, आणि स्पॅनिशांनी तेथे नेऊन लावलेले आलेही जमैकाचे. दोन्ही पिकविणारे हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे होते. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ चा. म्हणजे ज्या काळात हा पदार्थ स्कॉच म्हणून रूढ होत होता, त्याचा बराचसा भाग या गुलामगिरीचाच काळ होय. पाककृतींची पुस्तके याविषयी मौन बाळगतात.

‘घरगुती परंपरा’ या शब्दांचाही जरा तपास घ्यावयास हवा. स्कॉच शेतकऱ्याच्या घरी भट्टी नसे. त्याचे साधन लोखंडी तवा आणि त्यावर भाजलेली ओटची भाकरी. जिंजरब्रेड विकत मिळे ते पाववाल्याकडे किंवा जत्रेत. बिडाच्या बंद चुली एकोणिसाव्या शतकात सामान्य घरांत पोहोचल्या आणि मग गृहिणी ते घरी भाजू लागल्या. ऑर्कने बेटांवरील ‘ब्रूनी’ या प्रकारात मात्र जुन्या स्वयंपाकाची खूण टिकून आहे: ओटचे पीठ, ताक, सुंठ आणि ट्रीकल. एफ. मॅरियन मॅकनील यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द स्कॉट्स किचन’ या ग्रंथात तिची नोंद केली आहे.

हिंगोलीची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. येथे निझामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी १९०३ पर्यंत होती आणि तिचे अधिकारी इंग्रज असत. अशा छावण्यांतील खानसामे पातेल्याच्या खाली व झाकणावर निखारे ठेवून साहेबाचा केक भाजीत. गावातही निखाऱ्यावर भाजण्याची विद्या होतीच. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे हे तिचे उदाहरण. इंग्रजीत ‘बेक’ आणि ‘रोस्ट’ असे दोन शब्द आहेत. मराठीस शेंगा, भाकरी, रोडगा आणि केक या सर्वांना ‘भाजणे’ हे एकच क्रियापद पुरते.

आज हिंगोलीतील एखाद्या घरी ओव्हनमध्ये हा पदार्थ करावयाचा तर ट्रीकलच्या जागी काकवी चालते. लोणी, गूळ व काकवी मंद आचेवर पातळ करून, थोडी निवू देऊन, कणीक, सुंठ व खाण्याचा सोडा यांत दुधासह ओततात. काकवीच्या आंबटपणाने सोडा फुलतो. मंद ओव्हनमध्ये सुमारे तासभर भाजल्यावर मात्र तो लगेच कापीत नाहीत. कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवतात, तेव्हा कड मऊ पडते आणि सुंठीचा तिखटपणा गोडीत मुरतो.