खरखरीचा हिशेब

झिजून गुळगुळीत झालेले जाते दळत नाही. त्याला टाकी लावावी लागते. आरशाला मात्र एवढीशी खरखर खपत नाही. पृष्ठभाग चांगला की वाईट, हे त्याच्याकडून कोणते काम घ्यावयाचे आहे यावर ठरते. एवढी गोष्ट दळणाऱ्या बाईला आणि पाथरवटाला कोणत्याही विद्यापीठात न जाता ठाऊक होती. परंतु खरखर आहे ती किती, हे आकड्यात सांगण्याची विद्या जेमतेम शंभर वर्षांची आहे. तिचा इतिहास आम्ही आज मांडीत आहोत, कारण तो कामगारांच्या बोटांचाही इतिहास आहे.

प्रथम सपाटी आली, खरखर मागाहून आली. इंग्लंडात वाफेची यंत्रे वाढली, तेव्हा दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर तंतोतंत बसविणे हा पोटापाण्याचा प्रश्न झाला. त्या काळी दोन पाट्यांमध्ये कुरुंदाची पूड घालून त्या घाशीत असत. लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले यांच्या कारखान्यात काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत निबंध वाचून सांगितले की, घासणे सोडा, खरवडा. एकीवर रंगाचा पातळ थर लावावयाचा, तिच्यावर दुसरी टेकवावयाची आणि रंग उमटेल तो उंचवटा हातातल्या हत्याराने खरवडावयाचा. मात्र पाट्या दोन नव्हे, तीन हव्यात. दोनच असतील तर एक फुगीर व दुसरी खोलगट असूनही त्या एकमेकींत नेमक्या बसतील आणि आपण फसू. तिन्ही पाट्या आळीपाळीने एकमेकींवर बसल्या, तरच त्या खऱ्या सपाट. खोटे बोलणाऱ्या दोघांचे एकमत होऊ शकते. तिसरा साक्षीदार आला की ते मोडते. या युक्तीला महागडे उपकरण लागत नव्हते. डोळा, हात आणि धीर एवढे पुरे होते.

पण सपाट पाटीलाही बारीक खरखर असतेच. ती मोजावयास कारखान्यात एकच उपकरण होते, ते म्हणजे अंगठ्याचे नख. जाणता कातारी जॉबवर नख ओढी आणि चालेल की नाही ते सांगे. आराखड्यावर एक, दोन किंवा तीन त्रिकोण काढीत. त्रिकोण जितके अधिक, तितका हात बारीक. परंतु तीन त्रिकोण म्हणजे नेमके किती? कारागिराचे नख एक सांगे, तपासनिसाचे नख दुसरे. आणि वाद पडला, तर पगारपत्रकावर सही करणाऱ्याचेच नख खरे ठरे!

हा पेच यंत्राने सोडविला. जर्मनीत गुस्ताव श्माल्ट्झ यांनी १९२९ साली पृष्ठभागावरून एक अणकुचीदार सुई ओढली, सुईला आरसा जोडला आणि आरशावरून परतणारा प्रकाश फिल्मवर पाडला. सुई केसाच्या शंभराव्या हिश्श्याने हलली, तरी फिल्मवर डोंगरदऱ्या उमटल्या. १९३३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अॅबट व फायरस्टोन यांनी याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडातील लेस्टर येथे भिंगे बनविणाऱ्या टेलर हॉब्सन कंपनीत रिचर्ड रीझन यांनी महायुद्धाच्या धामधुमीत, १९४१ साली, टॅलिसर्फ हे यंत्र तयार केले. त्यात हिऱ्याच्या टोकाची सुई पृष्ठभागावरून हलकेच सरकते, तिचे वरखाली होणे विजेने हजारो पटींनी वाढविले जाते आणि कागदावर आलेख निघतो. त्या आलेखातून मधली रेषा काढावयाची आणि तिच्यापासून उंचवटे व खळगे सरासरी किती दूर आहेत ते पाहावयाचे. हाच खरखरीचा आकडा. तो मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात सांगतात. ब्रिटनचे प्रमाणपत्रक १९५० साली निघाले, आपले भारतीय मानक १९६७ साली.

आकडा कामगाराच्या काय कामाचा, असे आम्हांला पुष्कळदा विचारतात. २००९ साली एका कारखान्यात नगावर मजुरी घेणाऱ्या लेथवाल्यांचा माल 'फिनिश नाही' एवढ्या दोन शब्दांवर नाकारला गेला आणि मजुरी कापली गेली. आम्ही घोषणा दिल्या नाहीत. आराखडा मागितला, त्यावर १.६ मायक्रॉन लिहिले होते. मग आमच्या देखत मोजा, असा आग्रह धरला. बहुतेक नग मर्यादेत निघाले. जे निघाले नाहीत ते सारे एकाच लेथवरचे होते, आणि त्या लेथचे बेअरिंग झिजलेले होते. मजुरी परत मिळाली, बेअरिंगही बदलले. नख साहेबांचे असते. आकडा लिहिलेला असला की तो दोघांचा होतो.

तरीही आकड्याला देव मानू नये. सरासरी ही मोठी लबाड बाई आहे. एका पृष्ठभागावर टोकदार सुळके आहेत, दुसऱ्यावर सपाट पठार आणि मधून मधून खोल चरे आहेत. दोघांची सरासरी अगदी सारखी येऊ शकते. पहिला इंजिनाच्या सिलिंडरात बसविला तर पिस्टनची कडी खरवडून निघेल. दुसऱ्याच्या चऱ्यांत तेल साठून राहील आणि इंजिन वर्षानुवर्षे चालेल. अॅबट व फायरस्टोन यांनी म्हणूनच १९३३ सालीच एक वक्र सुचविला होता. वरून थोडथोडे झिजत गेले, तर भार पेलावयास किती जागा मिळते, हे तो दाखवितो. शिवाय सुई किती लांबीवर फिरवली यावरही आकडा बदलतो. म्हणून केवळ आकडा नव्हे, तो कसा काढला हेही विचारावे.

आणि बोटाचे काय झाले? १९८६ साली बिनिग, क्वेट व गर्बर यांनी अशी सुई बनविली की जिला अणूंच्या पातळीवरचे चढउतार कळतात. परंतु २०१३ साली स्टॉकहोम येथील संशोधकांनी माणसाच्या बोटाचीच परीक्षा घेतली. अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरक सरकत्या बोटाला कळला. १३ नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त!

याचा अर्थ एवढाच की, आमच्या वडीलधाऱ्या कारागिरांचे बोट कधीच आंधळे नव्हते. उणीव होती ती पुराव्याची. बोटाला कळलेले दुसऱ्याच्या बोटाला दाखविता येत नाही, कागदावर आणता येत नाही, लवादापुढे ठेवता येत नाही. यंत्राने बोटाला वाचा दिली, हा त्याचा उपकार. पण ते यंत्र वाचावयास आमची मुले शिकली नाहीत, तर ती वाचा पुन्हा दुसऱ्याच्याच तोंडी जाईल. म्हणून जॉबवर हात फिरवण्याची सवय सोडू नका, आणि शेजारच्या यंत्रावरचा आकडा स्वतः वाचल्याशिवाय सही करू नका.