बिडाची टोपी आणि टे नदीवरचा पूल

आजची गोष्ट सुरू होते आमच्या सोसायटीच्या गेटपासून. गेटचे खांब पोलादी पाइपचे आणि वर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नक्षीदार टोप्या. त्यातली एक निखळली. वेल्डिंगवाल्याने साध्या रॉडने दोन टाके मारले आणि तो गेला. थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज आला. टाका शाबूत, पण त्याच्या शेजारी बिडाला तडा!

असं का झालं? बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, साध्या पोलादात पाव टक्क्याच्या आसपास. पोलाद वाकतं, ताणलं जातं. बीड दाब मस्त सोसतं, पण ओढलं की तुटतं. वेल्डिंग गार होताना आकसतं आणि शेजारच्या बिडाला ओढतं. झालं, तडा.

आमची फक्त टोपी गेली. पण बिडाचा हाच स्वभाव १८७९ मध्ये स्कॉटलंडमध्ये एका अख्ख्या रेल्वेगाडीच्या जिवावर बेतला.

डंडी शहराजवळ टे नदीवर थॉमस बाउच यांनी जवळपास ३ किलोमीटर लांबीचा पूल बांधला. १८७८ मध्ये तो सुरू झाला. पुढच्या वर्षी राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली आणि बाउच ‘सर’ झाले.

पुलाचे उंच खांब बिडाच्या पोकळ नळ्यांचे होते. ते डुलू नयेत म्हणून मध्ये घडीव लोखंडाच्या तिरप्या पट्ट्या. आणि पट्ट्या अडकवायला बिडाच्या नळीलाच ओतलेले ‘कान’. म्हणजे बघा, वारा आला की पट्टी ओढणार आणि ती ओढ झेलणार कोण? बीड! त्यात कानातली बोल्टची भोकं ड्रिलने पाडलेली नव्हती, ओततानाच ठेवलेली होती, म्हणून निमुळती. बोल्ट पूर्ण जाडीवर न टेकता एका कडेवर टेकायचा आणि सगळा भार तिथेच यायचा.

२८ डिसेंबर १८७९, रविवारची संध्याकाळ, जोरदार वादळ. गाडी पुलाच्या मधल्या उंच भागात शिरली आणि १३ गाळे गाडीसकट नदीत कोसळले. गाडीतलं कोणीही वाचलं नाही.

चौकशीसाठी डेव्हिड किर्काल्डी यांनी ते कान यंत्रावर ओढून तपासले. अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांश भारातच ते तुटले. ओतकामातले खड्डे मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळीच्या लुकणाने बुजवले जात, हेही चौकशीत पुढे आलं. फोर्थ पुलाचं काम बाउच यांच्या हातून गेलं आणि १८८० मध्ये ते वारले. फोर्थ पूल दुसऱ्यांनी बांधला. १८९० मध्ये सुरू झालेल्या त्या पुलाच्या मुख्य नळ्या पोलादाच्या आहेत.

आम्ही कोडवाले म्हणतो, दोन्ही मॉड्यूल टेस्टमध्ये पास होतात आणि बग निघतो जोडणीत. टे पुलाचा बग तर जोडणीतच बसला होता, रोज गाड्या अंगावर घेत.

आणि आमचं गेट? नवी टोपी वेल्ड केली नाही. तिच्या गळ्यात भोकं पाडली, आटे मात्र पाइपला पाडले आणि स्क्रू बेताने कसले. ओढ पोलादाने झेलायची, बिडाने नुसतं डोक्यावर बसायचं!

भेटू पुढच्या भागात.